शिशाची जादा रेघ
रंगीत काचेच्या वर्गात अपुरी तावदाने टेबलावर आडवी पडलेली असतात. मागून उजेड नसल्याने गडद निळी काच तेथे काळीच दिसते. विद्यार्थी रंग विश्वासावरच जुळवीत असतो. अशा वेळी कापलेला तुकडा तडकला, तर तड्यावरून शिशाची एक जादा पट्टी फिरवता येते. पाहणाऱ्याला ती आराखड्यातलीच वाटते. ही लबाडी म्हणावी काय? युरोपातील मध्ययुगीन चर्चच्या खिडक्यांवर दुरुस्तीच्या अशा रेघा पुष्कळ आढळतात; त्यांनी मूळ काच राखली, मात्र चित्रातले चेहरे चिरले. विसाव्या शतकात जीर्णोद्धारकांनी त्यांतल्या अनेक काढून तडे इपॉक्सीने सांधले. विद्यार्थ्यापाशी राखण्याजोगी जुनी काच नसते, केवळ पुन्हा कापण्याचा कंटाळा असतो. त्याने नवा तुकडा कापावा, हे उघड आहे. पण त्या रेघेने आकृती खरोखरच सुधारली, तर ती आराखड्यात कोणत्या क्षणी आली असे मानावे?