देव हलवता येतो, थर हलवता येत नाही

तुळजापूरच्या भवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निद्रेसाठी नेतात, आणि दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी पालखीत बसवून गाभाऱ्याबाहेर आणतात. देवी जागची हलली म्हणून तिचं देवीपण उणावलं, असं कुणाही भक्ताला वाटत नाही. जीर्णोद्धाराच्या शास्त्रातही याच समजुतीला विधीचं रूप दिलेलं आहे. काम सुरू होण्याआधी कलाकर्षण करून मूर्तीतलं देवत्व कलशात घ्यायचं, आणि काम पुरं झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा करायची. म्हणजे पावित्र्य एका जागेवरून दुसरीकडे कसं न्यावं, याचं उत्तर परंपरेकडे तयार आहे. दगड-विटांत आणि मातीत साठलेली माहिती मात्र अशी कुठल्याही कलशात काढून ठेवता येत नाही. म्हणून धाराशिव जिल्ह्यात विकासाचे आराखडे आखले जात असताना प्रश्न ‘श्रद्धा की पुरातत्त्व’ असा मांडणं मुळातच चुकीचं आहे. जे पुन्हा स्थापता येतं त्यासाठी आपण मुहूर्त पाहतो. जे पुन्हा कधीच उभं करता येणार नाही त्याच्या बाबतीत त्याहून जास्त सावध राहायला हवं.

न हलवता येणारी गोष्ट म्हणजे काय, हे याच जिल्ह्यातल्या तेरणेकाठच्या तेरमध्ये नीट कळतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नगराचा उल्लेख आहे. तिथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई. शिलाहार राजे पुढे कित्येक शतकं ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवत राहिले. हे तगर म्हणजेच तेर, हे अभ्यासक फ्लीटने 1901 साली मांडलं आणि 1958 साली पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी इथे उत्खनन केलं. गावाभोवतीच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांमधून सातवाहनकाळच्या वस्तू निघत आल्या आहेत. तेरचे संग्राहक रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू चिकाटीने गोळा केल्या नसत्या तर त्यांतल्या किती उरल्या असत्या, कुणास ठाऊक. आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय गावात आहे. पण उकरलेल्या मातीतून हाती आलेला मणी आणि थरातून नोंद करून काढलेला मणी यांत मोठा फरक आहे. दुसरा कोणत्या काळातला, कुठल्या भांड्याशेजारी, घरात पडलेला की कारखान्यात, हे सांगता येतं. पहिला नुसता सुंदर असतो. जेसीबीने टेकाड सपाट केल्यावर वस्तू कदाचित वाचतील, पण त्यांचे आपसांतले संबंध नाहीसे होतील, आणि इतिहास लिहिला जातो तो त्या संबंधांवरूनच.

यावर पहिला आक्षेप भाविकाचा असेल, आणि तो वजनदार आहे. देऊळ म्हणजे संग्रहालय नव्हे. ते नांदतं असतं, म्हणून बदलणारच. हे अगदी खरं, आणि त्याचा उत्तम दाखला तेरमध्येच उभा आहे. त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं, मागच्या बाजूला गजपृष्ठाकार. 1902-03 च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ कझन्सने त्याला मूळचं बौद्ध चैत्यगृह म्हटलं. समोरचा मंडप नंतरचा. इतक्या शतकांत ही वास्तू टिकली ती पूजेमुळेच, सरकारी फलकामुळे नव्हे. पण पूजा करणाऱ्यांनी इथे भर घातली, आधीचं पुसलं नाही. म्हणून तर मूळ वास्तू कुणाची, हा प्रश्न आजही विचारता येतो. बदल हवा की नको, हा वाद नाहीच. आपण बदल केल्यावर पुढच्या पिढीला आधीचं वाचता येईल का, एवढंच पाहायचं आहे. दिवाबत्तीची सोय, पायऱ्यांना कठडा, नवा दर्शनमंडप हे सारं या कसोटीला उतरू शकतं. जुने दगड क्रमांक न घालता उतरवून त्यांचा भराव करणं उतरत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप पाहिलेल्या जिल्ह्यात तो हसण्यावारी नेता येत नाही. तुळजापूरच्या गाभाऱ्यातल्या दगडी तुळयांना भेगा दिसल्यावर शिखर उतरवावं का, यावरून वाद पेटला, तो याच भीतीतून. माणसाचा जीव दगडापेक्षा मोठा, हे मान्यच. पण धोका आहे म्हणजे पाडलंच पाहिजे, असं ठरत नाही. टेकू देणं, भेगा भरणं, तडकलेली तेवढीच तुळई बदलणं, आणि उतरवावंच लागलं तर दगड न् दगड नोंदवून पुन्हा चढवणं, या सगळ्या पायऱ्या चढून झाल्यावरच शेवटच्या उपायाची वेळ येते. सर्वांत सोपा उपाय सर्वांत आधी निवडला जातो तेव्हा भक्तीला घाईची ढाल केलं जातं.

तिसरा आक्षेप फारसा उघड बोलला जात नाही. खाली काय निघेल आणि त्यावर कोण हक्क सांगेल, ही ती धास्ती. तेरमध्ये चैत्याच्या आकाराचं विष्णुमंदिर आहे, उत्तरेश्वराचं शिवालय आहे, जैन मंदिर आहे, आणि याच गावात संत गोरोबाकाकांची समाधी आहे. पण अवशेष म्हणजे सातबारा नव्हे. तो इथे काय होतं याची साक्ष देतो. आज मालक कोण, हे ठरवायचं काम त्याचं नाही. ही मर्यादा पाळली तर पुराव्याला भिण्याचं कारण उरत नाही. उलट पुरावा नष्ट झाला की रिकाम्या जागेवर कुठलीही कहाणी रचता येते, आणि भांडणं तिथेच वाढतात.

घरकुलासाठी, रस्त्यासाठी जागा लागणाऱ्या गावकऱ्याची तक्रार वेगळी आणि रास्त आहे. वारशाचा अभिमान साऱ्यांचा आणि बांधकामबंदीचा भार मात्र टेकाडावर राहणाऱ्या एकट्याचा, हा न्याय नव्हे. 1958 च्या केंद्रीय स्मारक-संरक्षण कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रण आहे; पण संरक्षित यादीत नसलेल्या पांढरीला त्याचा काहीच आधार नाही. राज्याचा 1966 चा नगररचना कायदा मात्र ऐतिहासिक महत्त्वाच्या जागा जपण्याची तरतूद विकास योजनेत करायला सांगतो. म्हणजे आराखडा आखतानाच टेकाडं नकाशावर घ्यायची, पाया खणण्याआधी चाचणी-खड्डे घ्यायचे, आणि ज्याची जागा अडेल त्याला पर्यायी जागा द्यायची. 6 मे 2025 रोजी चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत तुळजाभवानी मंदिराच्या विकासासाठी 1,865 कोटींचा आराखडा मंजूर झाला. एवढ्या मोठ्या रकमेच्या कामात नोंदणीचा खर्च जड नाही. जड आहे ते थांबणं. पण प्रतिष्ठेच्या मुहूर्तासाठी महिनोन्‌महिने थांबायची सवय असलेल्या समाजाला खणण्यापूर्वी थोडं थांबणं परकं वाटू नये. ज्या परंपरेने देवालाही आदराने हलवण्याचा विधी सांगितला, तिच्या अनुयायांकडून जमिनीबाबत निदान तेवढ्या विधीची अपेक्षा ठेवणं जास्त नाही.