दाद मागायची कुठे?

अमेरिका शोध लावते, चीन नक्कल करतो आणि युरोप नियम करत बसतो, हे वाक्य आपल्याकडच्या परिसंवादांत हमखास टाळ्या घेतं. अलीकडे एका नामवंत उद्योगसल्लागारांनी ते पुन्हा फेकलं आणि वर पुस्ती जोडली की, ज्यांना स्वतःला काही घडवता येत नाही ते दुसऱ्याच्या पायात खोडा घालतात. सभागृह खूश झालं. जगातली सर्वांत प्रगत चिप ज्या यंत्राशिवाय बनत नाही, ते यंत्र नेदरलँड्समधल्या फेल्डहोव्हनची एएसएमएल बनवते. आणि हे गृहस्थ परदेशातलं हॉटेल बहुधा जिच्यामार्फत ठरवत असतील ती बुकिंग डॉट कॉम अ‍ॅमस्टरडॅमची आहे, हे त्यांना कोण सांगणार? पण ते राहू द्या. नियम म्हणजे खोडा, या त्यांच्या लाडक्या सिद्धान्ताचं त्याच देशात काय होतं ते पाहू.

2 ऑक्टोबर 2025 रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या जिल्हा न्यायालयाने इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटाविरुद्ध निकाल दिला. दावा लावला होता बिट्स ऑफ फ्रीडम या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या डच संस्थेने. मागणी ऐकायला क्षुल्लक. कंपनीने आपल्या सवयी चाळून निवडलेल्या पोस्ट टाळून, आपण ज्यांना फॉलो करतो त्यांच्याच पोस्ट पाहण्याची सोय इन्स्टाग्रामवर आहे. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याने अशी सोय मोठ्या मंचांना सक्तीचीच केली आहे. पण ती तेव्हा दडवलेली होती. वरच्या लोगोवर बोट दाबलं की पर्याय उघडायचे, त्यातून निवडायचं. आणि अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं की ये रे माझ्या मागल्या. न्यायालयाने सांगितलं, पर्याय सहज सापडला पाहिजे आणि एकदा केलेली निवड टिकली पाहिजे. वापरणाऱ्याला असं चकवणं कायद्यात बसत नाही. दोन आठवड्यांत दुरुस्ती करा, नाहीतर दिवसाला 1 लाख युरो, कमाल 50 लाख. घाई अशासाठी की 29 ऑक्टोबरला तिथे संसदेची निवडणूक होती.

मेटाने अपिलात जाण्याचं जाहीर केलं आणि जो आक्षेप घेतला तो माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा आहे. असे प्रश्न ब्रुसेल्सच्या युरोपीय आयोगाने सोडवायचे, एकेका देशातल्या न्यायालयाने त्यात पडलं तर एकसंध डिजिटल बाजारपेठेचे तुकडे होतील, असं कंपनी म्हणते. हसण्यावारी न्यावा असा हा आक्षेप नाही. महिन्याला साडेचार कोटी किंवा त्याहून अधिक युरोपीय वापरकर्ते असलेल्या मंचांवर देखरेख ठेवण्याचं मुख्य काम कायद्यानेच आयोगाला दिलं आहे. देश 27. आज अ‍ॅमस्टरडॅमने एक सांगितलं आणि उद्या व्हिएन्नाने उलट, तर अभियंत्यांनी बटण ठेवायचं कुठे? याचं पुस्तकी उत्तर कायद्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतं: युरोपीय नियमन थेट लागू होतं, ते राबवणं प्रत्येक देशातल्या न्यायाधीशाचं कामच आहे आणि शंका आली तर लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला विचारता येतं.

मला या उत्तरापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. आयोग शेवटी सरकारसारखा चालतो. त्याला व्यापारकरार सांभाळायचे असतात, वॉशिंग्टनची नाराजी झेलायची असते. डिसेंबर 2025 मध्ये आयोगाने डिजिटल सेवा कायद्याखाली एक्सला (पूर्वीचं ट्विटर) 12 कोटी युरोंचा दंड ठोकला. त्याच महिन्यात अमेरिकेने या कायद्याचे एक शिल्पकार, माजी आयुक्त थिएरी ब्रेटन यांच्यावर व्हिसाबंदी घातली. आयुक्ताला असल्या दडपणाचा हिशेब मांडावा लागतो. जिल्हा न्यायाधीशाच्या टेबलावर फक्त समोरचा दावा असतो. कंपन्यांना सगळं ब्रुसेल्सला का न्यायचं असतं, ते यावरून उमगावं.

बरं, टॅक्सीच्या अ‍ॅपवाल्या कंपन्यांना अ‍ॅमस्टरडॅमला आणलं कोणी? त्या आपल्या पायांनी आल्या. उबरचं युरोपातलं ठाणं तिथलं. म्हणून तर 170 हून अधिक फ्रेंच चालकांच्या तक्रारींवर डच डेटा संरक्षण प्राधिकरणाने तिला ऑगस्ट 2024 मध्ये 29 कोटी युरोंचा दंड केला. आणि आपली ओलाही तिथेच होती. 2010 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या कंपनीने ब्रिटनमधल्या चालकांचा कारभार ओला नेदरलँड्स या कंपनीकडे ठेवला होता. त्यामुळे ब्रिटिश चालकांनी दावा लावला तो अ‍ॅमस्टरडॅममध्ये. फेरी अवैध ठरवून चालकाचे पैसे कापण्याचा निर्णय माणसाचा हात न लागता झाला, तेव्हा तो कसा झाला ते सांगा, असं न्यायालयाने मार्च 2021 मध्ये बजावलं. 4 एप्रिल 2023 रोजी अपील न्यायालय आणखी पुढे गेलं: चालक लबाडी करील याची शक्यता मोजणारा गुणांक आणि त्याच्या कमाईचं प्रोफाइल, हेही उघड करा. उबरने काही चालकांना लबाडीच्या संशयावरून काढलं होतं. त्यात माणसांनी लक्ष घातल्याचा तिचा बचाव न्यायालयाला निव्वळ नावापुरता वाटला.

इथवर आलं की झेंडा घेऊन नाचावंसं वाटतं. पण सल्लागारांच्या पदरात एक माप टाकावंच लागेल. 2024 मधलं मेटाचं उत्पन्न 164 अब्ज डॉलरच्या वर होतं. त्या हिशेबाने 50 लाख युरो ही तिची अर्ध्या तासाचीही मिळकत नव्हे. डेटिंग अ‍ॅपमधल्या पैसे भरण्याच्या पद्धतीवरून डच स्पर्धा प्राधिकरणाने अ‍ॅपलला आठवड्याला 50 लाख युरोंचा दंड लावला, तर 2022 मध्ये अ‍ॅपलने तो दहा आठवडे, 5 कोटींची मर्यादा गाठेपर्यंत खुशाल चढू दिला. आणि डच सरकार तरी कुठे धुतल्या तांदळाचं? त्यांच्या करखात्याने बालसंगोपन अनुदानात लबाडी केल्याच्या संशयाने हजारो पालकांना कर्जात लोटलं. जोखीम ठरवणाऱ्या संगणकी प्रणालीत नागरिकत्वसुद्धा धरलेलं होतं. त्यापायी जानेवारी 2021 मध्ये पंतप्रधान रुटे यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. युरोपचा गाजलेला डेटा संरक्षण कायदा तेव्हा लागू होऊन अडीच वर्षं झाली होती.

म्हणजे उत्तम कायदा असूनही हे घडतं, आणि जबर दंडही पचतो. मग दावा लावणाऱ्याचा हक्कच काय तो उरतो. दंडाची रक्कम कंपनीच्या ताळेबंदात कुठेतरी विरून जाते. गुणांक एकदा उघडा पडला की पुढच्या चालकाला नेमकं काय विचारायचं ते कळतं, आणि तिथे कंपनी अडचणीत येते.

आता आपल्याकडे. सल्लागारांच्या विरुद्ध बाजूला 'युरोपसारखा कायदा आणा' म्हणणारा गट आहे. त्याचं समाधान व्हावं असा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. 250 कोटी रुपयांपर्यंत दंड, आकडा भारदस्त. पुण्यातल्या एखाद्या ओला चालकाच्या बाजूने हा कायदा वाचून पाहा. यंत्राने परस्पर घेतलेल्या निर्णयाला आव्हान देण्याचा वेगळा हक्क त्यात नाही. दिवाणी न्यायालयाचं दार कलम 39 ने बंद; डेटा संरक्षण मंडळाकडे जा, मग अपील न्यायाधिकरणाकडे. दंड वसूल झालाच तर तो भारताच्या एकत्रित निधीत जमा. चालकाच्या हाती छदाम नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43-अ मध्ये नुकसानभरपाईची सोय होती, ती वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. मात्र कायद्याला चालकाचा विसर पडला असं कोणी म्हणू नये: त्याची तक्रार खोटी किंवा फालतू ठरली, तर त्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे.