बेड्या कोणी घातल्या?

एखाद्याचे मन बिघडले म्हणजे ‘ह्यास कशाची बाधा झाली?’ असे लोक आधी विचारितात; ‘आपण ह्याच्याशी कसे वागावे?’ हा प्रश्न मागाहून येतो, किंवा येतच नाही. ह्याविषयी आफ्रिका खंडातील काही हकिकती आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

तेथील पुष्कळ गावांत मनोविकार हा पूर्वजांचा कोप, जादूटोणा अथवा भूतबाधा ह्यांनी होतो असे मानितात. ह्यास हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमच्या गावांतही अशा दुखणाइतास कित्येकदा दवाखान्याआधी देवऋषीकडे नेतात. परंतु खेदाची गोष्ट ही की, घाना देशातील काही ख्रिस्ती प्रार्थना-छावण्यांत असे रोगी साखळीने बांधलेले व सक्तीने उपाशी ठेविलेले आढळले. अशा रोग्यांच्या हक्कांसाठी त्या देशाने २०१२ साली कायदा केला.

बांधणारे सगळेच निर्दय असतात असे नाही. दवाखाना दूर, पदरी पैसा नाही, रोगी रात्री रानात निघून जातो. अशा वेळी भ्यालेल्या बापाने काय करावे? पण मार्काच्या पाचव्या अध्यायातील कबरांमध्ये राहणारा मनुष्य आठवा. त्यास बेड्या घातल्या त्या लोकांनी. प्रभूने त्यास नाव विचारिले, आणि शेवटी त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठविले.

असे घर देता येते काय? नायजेरियातील डॉक्टर लॅम्बो ह्यांनी १९५४ साली आबेओकुटा शहराजवळ आरो येथे ते करून दाखविले. रोगी आपल्या एखाद्या नातलगासह आसपासच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरी राहत, व उपचारासाठी इस्पितळात येत. गावच्या वैदूंचेही साह्य डॉक्टरांनी घेतले. लोकांच्या समजुतींचा उपहास न करिता त्यांनी लोकांची माया उपयोगात आणिली.

झिंबाब्वेची हकिकत अलीकडची आहे. तेथे मनाच्या एका दुखण्यास शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, म्हणतात. डॉक्टर चिबांडा ह्यांनी २००६ साली हरारे शहरात चौदा आजीबाईंस शिकवून तयार केले. दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून त्या दुःखिताचे ऐकून घेत व त्याच्या अडचणीतून वाट काढण्यास साह्य करीत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ह्या रीतीने रोग्यांस खरोखर उतार पडतो असे दिसून आले.

प्रार्थना सोडा असे आम्ही म्हणत नाही. हिवतापाची गोळी घेऊन प्रार्थना करणाऱ्यास कोणी अविश्वासी म्हणत नाही. मग मनाच्या औषधाविषयीच शंका का? बाधा कशाची, हा वाद पुढेही चालेल. परंतु आपल्या मंडळीत असे एखादे घर असेल, तर सुवार्तिकाने तेथे जाऊन बसावे, दुखणाइतास नावाने हाक मारावी, आणि मोटारीत घालून दवाखान्यात न्यावयाचे झाल्यास स्वतः सोबत जावे. त्या बापास साखळीची आठवण होते ती बहुधा सोबत कोणी नसते म्हणूनच.