वर्ध्याच्या ठरावात न आलेली हमी

१९३७ च्या ऑक्टोबरात, २२ आणि २३ तारखेला, वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन होते, विनोबा होते, अर्थतज्ज्ञ के. टी. शाह होते. पुढे ‘नई तालीम’ म्हणून देशभर गेलेला विचार इथे चार ठरावांत बांधला गेला: सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, ते हाताच्या उत्पादक कामाभोवती, आणि त्या कामाच्या उत्पन्नातून शिक्षकांचा पगार हळूहळू निघावा ही अपेक्षा. परिषदेच्या आधी ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी मांडलेल्या मुद्द्यांत आणखी एक गोष्ट होती. जो व्यवसाय शिकवला त्यात सरकारने नोकरीची हमी द्यावी, नाहीतर मुलांनी तयार केलेला माल ठरलेल्या भावाने विकत घ्यावा. ठरावांत शिक्षकाच्या पगाराचा विचार आला. शिकणाऱ्याची हमी आली नाही.

नई तालीमचा अभिमान आपण जिल्हावासी सतत मिरवतो, पण या सुटलेल्या मुद्द्याबद्दल कोणी बोलत नाही. मला तो फार मोलाचा वाटतो. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा कोर्स करून महावितरणमध्ये वर्षभराची अप्रेंटिसशिप करणारा हिंगणघाट, आर्वी, देवळीकडचा पोरगा आज नेमका त्या गाळलेल्या जागेत उभा आहे.

कायद्याने त्याला काय दिले ते पाहू. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे कलम १८ म्हणते की तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. मूळ कलम २२ प्रमाणे वर्ष संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने एवढेच केले, की भरतीचे धोरण ज्याचे त्याने ठरवावे. २०१९ च्या नियमांनी आयटीआयवाल्याचे किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये केले. काम करताना इजा झाली, तर मात्र कलम १६ खाली त्याला कामगारासारखीच नुकसानभरपाई मिळते. म्हणजे तो धडधाकट असेपर्यंत विद्यार्थी, आणि खांबावरून पडला की कामगार. ही विसंगती साधी नाही. त्याच्या अंगावरचा धोका खरा आहे हे कायद्याला मान्य आहे, त्या धोक्याबद्दल त्याने आधी तोंड उघडावे हे मान्य नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराची व्याख्या करताना शिकाऊ उमेदवाराला स्पष्टपणे आत घेतले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने त्याला तितक्याच स्पष्टपणे वगळले. कामगार चळवळीत या संहितेवर खूप बोलले गेले: संपाची १४ दिवसांची नोटीस, कपातीच्या परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर. शिकाऊ पोराच्या वगळण्यावर कोणी रस्त्यावर उतरल्याचे मला आठवत नाही.

तो खरोखर काय शिकतो, हे पाहायला एखाद्या ११ केव्ही फीडरवर दुरुस्ती चालू असताना उभे राहावे. परमिट मिळालेले असते, एबी स्विच उघडून कुलूप लागलेले असते, उपकेंद्रातून लाईन बंद असते. पोरगा जंपर जोडायला घाई करतो आणि खालून जुना वायरमन ओरडतो, “पोट्ट्या, आंधी दांडा लाव, मंग हात!” दांडा म्हणजे डिस्चार्ज रॉड. लाईन बंद असली तरी कुणीतरी शेतात जनरेटर लावलेला असतो, कुणाच्या घरचा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असतो. तो २३० व्होल्टचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढला की तारेवर ११,००० व्होल्ट होतात. आयटीआयच्या पुस्तकात हे असते. पण हात आपोआप दांड्याकडे जायला जुना माणूस शेजारी लागतो.

असा माणूसच कमी होत चालला आहे. जुने वायरमन निवृत्त होताहेत, अनेक ठिकाणी त्यांच्या जागी कंत्राटदाराची माणसे येतात, आणि कंत्राट बदलले की माणसेही बदलतात. स्मार्ट मीटर बसला की रीडिंगला माणूस लागत नाही, वीज तोडायलाही लागत नाही. सौर कृषी वाहिन्यांमुळे नवे काम निर्माण होते आहे, पण त्याची देखभालही बरीचशी ठेक्यानेच. बदल थांबवावा असे मी म्हणणार नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते आहे, ती मिळालीच पाहिजे. माझा प्रश्न एवढाच, की नवे काम शिकलेल्या पोराला त्याच कामावर ठेवण्याची जबाबदारी कुणाची?

४ जानेवारी २०२३ ला समांतर वीज परवान्याच्या विरोधात राज्यभरातल्या वीज कर्मचाऱ्यांच्या तीसहून अधिक संघटना एकत्र येऊन संपावर गेल्या. सरकारला त्याच दिवशी बोलणी करावी लागली आणि संप मिटला. एवढी ताकद या संघटनांत आहे. अशा संपात शिकाऊ पोराने काय करायचे? बाहेर थांबला तर गैरहजेरी लागते, वर्ष लांबते, पुढच्या भरतीत आपले नाव मागे पडेल ही धास्ती वेगळीच. आत राहिला तर ज्या काकांनी दांडा धरायला शिकवले त्यांच्याच विरोधात उभे राहावे लागते.

युनियनवाल्यांची बाजूही खोटी नाही. हा वर्षभराचा पाहुणा, वर्गणी कशी घ्यायची, आणि त्याच्यासाठी भांडायचे कोणत्या कायद्याने? शिवाय एक जुनी भीती आहे, की ७,००० रुपयांत काम करणारा पोरगा मिळाला तर ४०,००० वाला कशाला भरतील. हीच भीती वर्ध्याच्या परिषदेत के. टी. शाह यांनी मांडली होती: शाळेतल्या मुलांनी केलेला स्वस्त माल बाजारात आला तर पोटासाठी काम करणाऱ्या कारागिरांचे काय? तो आक्षेप तेव्हाही रास्त होता, आजही आहे. पण त्यावर उपाय पोराला बाहेर ठेवणे हा नव्हे. बाहेर ठेवलेला पोरगाच स्वस्त पडतो. आत घेतलेल्याचा दर युनियन ठरवू शकते.

गांधीजींनी १९२० मध्ये अहमदाबादला मजूर महाजन उभे केले. त्याने पगाराच्या भांडणाबरोबर शाळा आणि दवाखानेही चालवले. आपल्याकडच्या वीज संघटनांना हे परके नाही, सभासदांच्या मुलांच्या सत्काराचे कार्यक्रम त्या दरवर्षी घेतातच. मग नाममात्र वर्गणीवर शिकाऊ पोरांना सहसभासद करून घ्यायला काय हरकत आहे? १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की इतर बाबी समान असतील तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे. तो निकाल कुठल्याही संहितेने पुसलेला नाही. तो हातात घेऊन वर्ध्याच्या मंडल कार्यालयात पहिली मागणी अशी करता येईल: कलम २२ खाली भरतीचे धोरण ठरवायचे आहेच, तर ते लेखी द्या, नोटीस बोर्डवर लावा, आणि प्रत्येक शिकाऊ पोराला रुजू होतानाच त्याची प्रत द्या. दुसरी मागणी: लाईनवर जाणाऱ्या शिकाऊ पोराबरोबर कायम वायरमन असलाच पाहिजे, आणि दोघांची नावे परमिटवर लिहिली गेली पाहिजेत. या दोन्ही मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही. पुढच्या द्वारसभेत त्या मांडायला एक माणूस उठला तरी सुरुवात होते.