चाळीस दिवस, नव्वद दिवस

पेडगावच्या बाईला सोनोग्राफी करायची तर परभणी गाठायची. (म्हणीतलं पेडगाव वेगळं, ते श्रीगोंद्याकडचं.) दवाखान्यात शिरताच पाटी दिसते: इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. ही पाटी लावणं कायद्यानंच सक्तीचं आहे. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली भरल्या ८०७.

परभणीकडे कॅथलिक कुटुंबं मोजकीच. तरी पोटातल्या जिवाविषयी सर्वांत ठाम बोलणारं त्यांचं चर्च या मतावर कसं आलं, हे मराठवाड्यातल्या माणसानं पाहण्याजोगं आहे.

पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'डिडाखे' या ग्रंथातच गर्भपाताला मनाई आहे आणि ती पुढे कधी उठली नाही. बदलत गेलं ते पापाचं वजन. ॲरिस्टॉटलच्या हिशेबानं मुलाचा गर्भ चाळिसाव्या दिवशी आकाराला येतो, मुलीचा नव्वदाव्या. आत्मा उशिरा येतो हे त्याचं मत तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं उचललं. आत्मा येण्याआधीचा गर्भपात पाप खरं, पण मनुष्यहत्या नव्हे. म्हणजे पोटातसुद्धा मुलगी पन्नास दिवस मागेच! आपल्याकडे ही विद्या कुणी शिकवायला आलं नव्हतं, तरी हिशेब तोच निघाला.

१५८८ मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी आत्मा येण्याआधीचा-नंतरचा हा भेद पुसून कडक शिक्षा लावली. तीनच वर्षांत चौदावे ग्रेगरी यांनी ती सैल केली. १८६९ मध्ये नववे पायस यांनी भेद पुन्हा काढला, तो कायमचा. गंमत अशी, की १९७४ चं व्हॅटिकनचं घोषणापत्र आत्मा केव्हा येतो हा प्रश्न मुद्दामच बाजूला ठेवतं. शंका असली तरी जीव धोक्यात घालू नये, एवढंच त्याचं म्हणणं. आत्म्याच्या तारखा काढत बसण्यापेक्षा मला हे प्रामाणिक वाटतं.

पण जीव राखायचा तर झळ कुणी सोसायची? पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, वाटल्यास मूल ठेवून जावं. अशाच एका विधवेचा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. उलट टोक आयर्लंडमधल्या गॉलवेचं. बेळगावची दंतवैद्य सविता हालप्पनवार २०१२ च्या ऑक्टोबरात तिथल्या रुग्णालयात होती. सतरा आठवड्यांचा गर्भ टिकणार नव्हता. तिनं गर्भपात मागितला, पण ठोके चालू होते म्हणून नकार मिळाला. जंतुसंसर्गानं ती गेली. चौकशीत उपचारांतल्या चुकाही निघाल्या. आईच्या गंभीर आजारावर इलाज करताना गर्भ गेला, तर कॅथलिक नीतिशास्त्र त्याला गर्भपात मानत नाही. पण आयर्लंडच्या कायद्याच्या धास्तीपुढे ही सवलत कामाला आली नाही. २०१८ च्या सार्वमतात तिथल्या ६६ टक्के मतदारांनी राज्यघटनेतलं गर्भपातबंदीचं कलमच काढून टाकलं.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९९५ च्या परिपत्रकात एक भाग सहसा कुणी वाचून दाखवत नाही. बाईवर दबाव आणणारा नवरा, घरचे, डॉक्टर यांनाही ते दोषी धरतात. आपला गर्भलिंगनिदानविरोधी कायदाही इथवर आला आहे: उलट सिद्ध होत नाही तोवर, तपासणी बाईनं नवऱ्याच्या किंवा नातेवाइकांच्या जबरदस्तीनं केली असंच न्यायालयानं गृहीत धरायचं.