आधी कायक की आधी अन्न?

इचोड्याच्या शिवारात कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर बाई ज्वारीच्या दोन भाकरी फडक्यात बांधून भल्या सकाळी निघते. वेचलेला कापूस तोलला जातो, त्यावर मजुरी, मजुरीतून पुन्हा भाकरी. यावरूनच दासोहाच्या पंगतीत नेहमीचा प्रश्न निघतो : जो कायक करीत नाही त्याला अन्न का वाढावे? विचारणारे बहुधा पोटभर जेवलेले असतात, ते असो. प्रश्न मात्र खरा आहे.

भाकरी पोटात गेली की बळ आले, असे आपण समजतो. तसे होत नाही. पिठाची साखर होते. ती साखर आणि श्वासातील प्राणवायू रक्त पेशीच्या दारापर्यंत पोहोचविते. पुढचे कायक पेशीचे स्वतःचे. शेजारणीने घडविलेले बळ तिला उसने मिळत नाही. या बळाचे चलन म्हणजे एटीपी नावाचे रसायन. हार्वर्ड येथे फिस्के यांच्यासह ते शोधणारे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे तेलुगू मुलखातील भीमवरमचे. साल १९२९. त्याच वर्षी जर्मनीत लोहमान यांनाही ते सापडले.

इचोड्याहून निर्मलकडे जाताना नेरडिगोंड्यापासून आत कुंटाला धबधबा आहे. कडम नदीचे पाणी कड्यावरून कोसळते, तुषार उडतात, पण त्याने एकही जाते फिरत नाही. चुलीत पडलेले धान्य असेच भडकून जाते. पेशी तीच साखर पायरीपायरीने उतरविते. त्या उतारावर मिळालेल्या जोराने हायड्रोजनचे भारित कण एका सूक्ष्म पडद्यापलीकडे लोटले जातात, आणि ते परत येताना तेथील चाक खरोखरच फिरते व एटीपी घडतो. प्राणवायू असला तर साखरेच्या एका रेणूमागे सुमारे ३०. नसला तर अवघे २.

आता मौज पाहा. या साखरेला हात घालण्यासाठीच पेशीला पदरचे २ एटीपी आधी खर्चावे लागतात. मग ४ येतात, त्यातले २ उरतात. हे पहिले २ कोठले? कालच्या कमाईतले. कालचे परवाच्या. असे मागे जात गेलो की आपण आईच्या बीजांडापाशी येतो. ज्या कोठड्यांत ते चाक फिरते, त्याही आईकडूनच आलेल्या. पहिले भांडवल कोणत्याच देहाने कमावलेले नाही.

आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचीत. एके दिवशी त्यांनी अधिक आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून यायला लावले. देहाचाही शिरस्ता काहीसा असाच. कोणत्याही क्षणी अंगात एटीपी पावशेराहून अधिक नसतो. दिवसभरात मात्र जवळजवळ देहाच्या वजनाइतका घडतो आणि मोडतो. चरबी साठते हे खरे, पण ती कणगी झाली. कणगी काही चालत नाही.

म्हणून दमलेल्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या दाराशी काय पोहोचले होते ते विचारावे. सकाळचा कापूस त्या बाईने कालच्या जेवणावर वेचलेला असतो. काल चूल पेटली नसेल तर आज तोल कमी भरणारच, आणि उद्याची भाकरीही कमी.

मग धडधाकट असून हात न हलविणाऱ्याचे काय? माझ्या मते त्याला पंगतीतून उठवू नये. बादली हाती देऊन वाढायला लावावे. मात्र जेवण झाल्यावर.