काचेच्या पेटीतली बाळं

द्रोणाचार्यांना शस्त्राने पाडता येणार नव्हतं. युद्धाचा पंधरावा दिवस होता, पांडवांची फळी ढासळत चालली होती. तेव्हा कृष्णाने सुचवलं, त्यांच्या मुलाच्या मरणाची बातमी त्यांच्या कानावर घाला. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेला म्हणून ओरडत सुटला. द्रोणांचा भीमावर विश्वास बसला नाही. ते धर्मराजाला विचारायला गेले, कारण त्रैलोक्याचं राज्य मिळत असलं तरी हा माणूस खोटं बोलणार नाही, अशी त्यांची खात्री होती. पुढचं आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

या कथेत आपण नेहमी युधिष्ठिराबद्दल बोलतो. चार बोटं वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला, ते बरोबर की चूक, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले गेले. मी मात्र हल्ली द्रोणांचा विचार करतो. अस्त्रविद्येत ज्याला तोड नव्हती, तो माणूस मुलाच्या मायेपायी शस्त्र खाली ठेवून बसला. त्याच्या मनाचा सगळ्यांत हळवा कोपरा शोधून बातमी नेमकी तिथे पोचवली गेली, आणि पोचवायला सगळ्यांत विश्वासू माणूस निवडला गेला. परदेशातल्या युद्धाच्या बातम्या वाचताना या दोन गोष्टींकडे माझं आधी लक्ष जातं. हात कुठल्या हळव्या जागी घातलाय, आणि बोलायला पुढे कोणाला केलंय.

२ ऑगस्ट १९९० ला सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. ही बातमी आपल्याकडे परकी नव्हती. गोव्यातली, कोकणातली कितीतरी माणसं तिथे नोकरीला होती. साठवलेली पुंजी, घरातलं सामान, सगळं मागे टाकून लोक वाळवंट तुडवत जॉर्डनमधल्या अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला उतरले. सुमारे १ लाख ७० हजार भारतीय असे परत आणले गेले. इराकने कुवेतमध्ये जे केलं ते क्रूर होतं, यात तिळमात्र शंका नाही. धरपकड झाली, छळ झाले, लोकांना गोळ्या घातल्या गेल्या, घरं-दुकानं लुटली गेली. सुमारे ६०० माणसं बेपत्ता झाली. त्यांतल्या बऱ्याच जणांचे अवशेष २००३ नंतर इराकमधल्या सामूहिक कबरींत सापडले.

म्हणजे जे खरं होतं तेच अंगावर काटा आणणारं होतं. तरी तेवढ्यावर भागलं नाही.

अमेरिकेत तेव्हा कुवेतसाठी युद्धात उतरण्याबद्दल लोकांचं मत दुभंगलेलं होतं. अशा वेळी 'सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत' नावाची संस्था उभी राहिली. नावावरून ती सामान्य नागरिकांची वाटावी, पण तिचा जवळजवळ सगळा पैसा कुवेतच्या सरकारचा होता. या संस्थेने हिल अँड नोल्टन ही मोठी जनसंपर्क कंपनी नेमली आणि कामावर एक कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. अमेरिकन माणसाच्या मनाला काय भिडतं, याच्या रीतसर चाचण्या घेतल्या गेल्या. उत्तर आलं, अत्याचाराच्या कहाण्या.

१० ऑक्टोबर १९९० ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या मानवाधिकार मंडळासमोर एक पंधरा वर्षांची मुलगी बोलायला उभी राहिली. नाव फक्त नायिरा. आडनाव सांगितलं तर कुवेतमधल्या घरच्यांच्या जिवाला धोका होईल, असं कारण दिलं गेलं. डोळ्यांतलं पाणी पुसत तिने सांगितलं की ती अल-अदान रुग्णालयात स्वयंसेविका होती. इराकी सैनिक बंदुका घेऊन आत शिरले, त्यांनी बाळांना इन्क्युबेटरमधून बाहेर काढलं, पेट्या उचलून नेल्या आणि बाळांना थंडगार फरशीवर मरायला टाकलं.

आपल्याकडे अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं की घरी निरोप येतो, 'बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय.' तेवढ्या एका वाक्याने घरातल्या सगळ्यांचे आवाज खाली येतात. आजी देवापुढे बसते. आई टाके सांभाळत कशीबशी चालत जाते आणि काचेला कपाळ टेकवून आत बघत राहते. आत तळहाताएवढी छाती वरखाली होत असते. ज्याने हे एकदा पाहिलंय, त्याने नायिराचं बोलणं ऐकलं असतं तर तो क्षणभरही थांबला नसता. कोणीच थांबलं नाही. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती गोष्ट आपल्या भाषणांत पुन्हा पुन्हा सांगितली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या संस्थेने डिसेंबरमधल्या आपल्या अहवालात अशा ३१२ बाळांचा आकडा दिला. १२ जानेवारी १९९१ ला सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूने ५२ आणि विरोधात ४७ मतं पडली. त्या चर्चेतही काही सिनेटरांनी ही बाळं पुढे केली होती.

युद्ध संपल्यावर पत्रकार कुवेतच्या रुग्णालयांत गेले, डॉक्टरांना भेटले. डॉक्टर आणि परिचारिका पळून गेल्यामुळे काही रुग्ण दगावले होते, त्यांत बाळंही होती. पण नायिराने सांगितलं तसं काही घडल्याचा पुरावा मिळाला नाही. अ‍ॅम्नेस्टीने एप्रिल १९९१ मध्ये आपलं म्हणणं मागे घेतलं. आणि जानेवारी १९९२ मध्ये जॉन मॅकआर्थर या पत्रकाराने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं, की ही मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची कन्या होती. तिने ज्यांच्यासमोर सांगितलं, ते मंडळही काँग्रेसची अधिकृत समिती नव्हतं. सदस्यांचा तो एक अनौपचारिक गट होता. त्यामुळे शपथ नव्हती, आणि खोट्या साक्षीचा गुन्हाही लागू होणार नव्हता.

त्या मुलीवर मला राग धरवत नाही. पंधराव्या वर्षी, देश शत्रूच्या ताब्यात असताना, मोठी माणसं जे सांगायला लावतील ते कोणतीही मुलगी सांगेल. राग येतो तो खोलीतल्या मोठ्या माणसांचा. आईबापांच्या काळजातला सगळ्यांत कोवळा धागा त्यांनी जाणूनबुजून, पैसे घेऊन, चाचण्या करून पकडला आणि ओढला. पुढे त्याच युद्धात बगदादच्या अमिरिया भागातल्या आसऱ्यावर १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे अमेरिकी विमानांनी दोन बाँब टाकले. आत झोपलेली ४०० हून अधिक माणसं मेली, बहुतेक बायका आणि मुलं. पेट्यांतल्या बाळांसाठी जग रडलं, त्याचा शंभरावा हिस्साही या मुलांच्या वाट्याला आला नाही.

कोणी म्हणेल, सद्दाम क्रूर होताच, कुवेत सोडवायचाच होता, मग एखादी गोष्ट खोटी निघाली तर काय बिघडलं? बिघडतं. त्याचा हिशेब पुढच्या माणसाला चुकवावा लागतो, आणि तो माणूस बहुधा खराखुरा पीडित असतो.

पहिल्या महायुद्धाचंच बघा. १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियम आणि फ्रान्समध्ये हजारो निरपराध नागरिक मारले, लूव्हाँचं ग्रंथालय जाळलं. हे घडलं होतं, याला पुरावे आहेत. पण ब्रिटनमध्ये त्यावर कहाण्यांचा डोंगर रचला गेला. मुलांचे हात तोडल्याच्या, बाळांना संगिनीवर उचलल्याच्या गोष्टी घरोघर पोचल्या. १९१५ च्या ब्राइस अहवालाने शपथेवर न घेतलेल्या, नावं न दिलेल्या साक्षी छापल्या, आणि लॉर्ड ब्राइस हे विद्वान, सचोटीचे म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ असल्याने लोकांनी त्या डोळे मिटून मानल्या. १९१७ मध्ये तर जर्मन लोक प्रेतांपासून चरबी काढण्याचा कारखाना चालवतात, अशी बातमी आली. ती निराधार असल्याचं १९२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेत मान्य करावं लागलं. १९२८ मध्ये आर्थर पॉन्सनबी या खासदाराने युद्धकाळातल्या अशा असत्यांवर पुस्तकच लिहिलं. लोक शहाणे झाले. आता असल्या गोष्टींना फसायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग १९४२-४३ मध्ये पोलंडमधून खबरा येऊ लागल्या, की ज्यूंना विषारी वायूच्या खोल्यांत कोंडून मारलं जातंय. ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे प्रमुख व्हिक्टर कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनी ऑगस्ट १९४३ मध्ये लिहून ठेवलं, की या गोष्टी मागच्या युद्धातल्या त्या प्रेतांच्या चरबीच्या कहाणीची आठवण करून देतात. त्या वेळी भट्ट्या धगधगत होत्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुढचं पान उलटवेना. २६ वर्षांपूर्वी पसरलेलं एक खोटं, लाखो माणसं मरत असताना त्यांचं खरं ऐकून घेण्याच्या आड उभं होतं.

२००३ च्या इराक युद्धाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यातच सांगतो. त्या वर्षी ५ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हातात छोटी कुपी धरून, इराककडे घातक शस्त्रं आहेत असं सांगायला पुढे केले गेले ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल, कारण त्या सरकारमध्ये लोकांचा सगळ्यांत जास्त विश्वास त्यांच्यावर होता. जैविक शस्त्रं बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळांची माहिती ज्या इराकी निर्वासिताकडून आली होती, त्याने पुढे २०११ मध्ये आपण खोटं बोललो हे कबूल केलं. शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. त्या भाषणाने आपल्या नावाला कायमचा डाग लागला, हे पॉवेल यांनी स्वतः मान्य केलं. पण त्या गदारोळातही नाइट रिडर या वृत्तसंस्थेचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे दोन पत्रकार मंत्र्यांना सोडून खालच्या फळीतल्या अधिकाऱ्यांना विचारत राहिले, आणि पुरावा कच्चा आहे हे युद्धाच्या आधीपासून लिहीत राहिले. त्यांची नावं आपण लक्षात ठेवली पाहिजेत.

हा रोग एकट्या पाश्चात्त्यांचा नाही. जुलै २०१४ मध्ये रशियाच्या पहिल्या क्रमांकाच्या सरकारी वाहिनीने एका बाईची मुलाखत दाखवली. युक्रेनी सैनिकांनी स्लोव्ह्यान्स्क शहरात तीन वर्षांच्या मुलाला भर चौकात फळीवर खिळे ठोकून मारलं, असं ती सांगत होती. त्या शहरातल्या लोकांना विचारलं तर असं कोणी पाहिलेलं नव्हतं. आपल्याकडे पुरावा नव्हता, हे त्या वाहिनीने डिसेंबरात मान्य केलं. तोपर्यंत किती तरुण त्या मुलाचा सूड घ्यायला बंदूक उचलून गेले असतील! पुन्हा मूलच, बघा. २०२२ मध्ये रशियन फौजा निघून गेल्यावर युक्रेनमधल्या बुचा शहराच्या रस्त्यांवर आणि खड्ड्यांत ४०० हून अधिक मृतदेह मिळाले, तेव्हा त्याच रशियाने हे सगळं रचलेलं आहे असं सांगितलं, आणि जगभर अनेकांना ते पटलंही. खोट्या अत्याचाराने एकदा लोकांना फसवलं की खऱ्या अत्याचाराला खोटं ठरवणं सोपं जातं.

म्हणून 'सगळेच खोटं बोलतात, सोडून द्या' हे जे आपल्या गप्पांत सहज म्हटलं जातं, ते मला मान्य नाही. असं म्हणणारा स्वतःला सावध समजतो, पण मारणाऱ्याला त्याच्याकडून एवढंच हवं असतं. युक्रेन, गाझा, सुदान, कुठलंही युद्ध घ्या, तिथली मुलं खरोखर मरताहेत. आपलं मन हळवं आहे हा आपला दोष नाही. त्याला कुलूप लावून बसायचं नाही.

मी आता एक करतो. दुःखाची गोष्ट समोर आली की हळहळ अडवत नाही. पण लगेच पाहतो, की ही गोष्ट सांगून माझ्याकडे काय मागितलं जातंय. दूध, औषध, रक्त, आसरा, शस्त्रसंधी मागितली जात असेल तर गोष्टीत थोडं कमीजास्त असलं तरी माझ्या होकाराने कोणाचं घर जळणार नाही. पण बाळाचा फोटो दाखवून माझ्याकडे बाँबला संमती, एखाद्या अख्ख्या जमातीचा द्वेष किंवा सूड मागितला जात असेल, तर तिथे मी थांबतो. सांगणाऱ्याचं पूर्ण नाव काय, त्याचा पैसा कोणाचा, हे त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, दुसऱ्या बाजूच्या डॉक्टरला किंवा शेजाऱ्याला कोणी विचारलंय का, हे कळेपर्यंत माझी संमती माझ्यापाशी राहते.  घाईत दिलेल्या संमतीने गेलेल्यांची गणती नाही.

हे काम वॉशिंग्टन किंवा मॉस्कोतल्या लोकांचं, आपला काय संबंध, असं मानू नका. परदेशातल्या युद्धाची चित्रफीत आज काही मिनिटांत आपल्या सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर येते. त्यांतल्या कितीतरी संगणकावरच्या युद्धखेळातल्या असतात, कितीतरी दुसऱ्याच देशातल्या, जुन्या. तरी त्या बघून आपण इथल्या शेजाऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागतो. आज सकाळीही तुमच्या फोनवर असं काही आलं असेल. पाहा, डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. शक्य असेल तर त्या मुलांपर्यंत औषध पोचवणाऱ्या संस्थेला चार पैसे पाठवा. पण ती फीत पुढे पाठवायची असेल तर कृपा करून संध्याकाळपर्यंत थांबा, आणि तोवर ती कुठली, कधीची, हे शोधून काढा.